मिसिंग आणि डेझर्टर

देवगडच्या बंदरावर मासे विकायला बसणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. गाबीतवाडीतली गंगू मात्र बसणारी नव्हती, चालणारी होती. होडी वाळूला लागली रे लागली की ही पाटी भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून, घाटी चढून जामसंड्याच्या वाटेला लागलेली असायची. बाकीच्या बायका वाटेत पाटी टेकत, पान जमवत, कुणाच्या सुनेने काय केलं ते काढत. गंगू उभ्याउभ्या दोन शब्द बोलायची आणि निघायची. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "बसलंय काय डोक्यात किडे वळवळतत." बायका हसत. किडे कसले ते सगळ्यांना माहीत होतं.

जन्मापासून ती अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तर निवांत बाई म्हणून तिची थट्टा व्हायची. तिच्या पायांना भिंगरी लागली ती सत्तावन्न सालच्या शिमग्यानंतर, आणि ती लावली दोन इंग्रजी शब्दांनी. ज्या बाईला मराठी पाटीवरचं अक्षर वाचता येत नव्हतं तिच्या आयुष्याचा इंग्रजीने असा खेळ करावा, याचा राग कुणावर काढायचा हे तिला कधीच कळलं नाही.

तिचा नवरा लवू मुंबईहून परदेशी जाणाऱ्या मालबोटीवर खलाशी होता. सुट्टीवर आला की अंगाला वासाचं तेल, तोंडात दहा बंदरांची नावं. माणूस हसरा, हाताचा सढळ, आणि घरात चार दिवस झाले की समुद्राकडे बघत बसणारा. घरात त्याची आई कृष्णाबाई आणि ही गंगू, एवढीच माणसं. मूल झालं नव्हतं, पण होईल म्हणून दोघी देवाला सांगून ठेवत होत्या.

त्या वर्षी लवूऐवजी गुरुदास आला. गुरुदास वाडीतलाच, लवूच्याच बोटीवर कामाला. मुंबईची बोट बंदराबाहेर थांबली, पडावातून तो उतरला आणि स्वतःच्या घरी न जाता सामानासकट कृष्णाबाईच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला. त्याने सांगितलं ते असं. बोट मोंबासाला लागली होती. संध्याकाळी खलाशी शहरात गेले. बाकीचे परतले, लवू मागाहून येतो म्हणाला. पहाटे बोट सुटली तेव्हा तो बोटीवर नव्हता. धक्का आणि बोट यांच्यामधल्या पाण्यात पडला असेल तर कोणी पाहिलं नाही, आणि शहरातून परतलाच नसेल तर तेही कोणी पाहिलं नाही.

"साहेब काय म्हणालो?" कृष्णाबाईने विचारलं.

साहेब दोन होते आणि दोघे दोन म्हणाले, हीच तर गोम होती. धाकटा साहेब म्हणाला, लवू मिसिंग. मोठा साहेब म्हणाला, लवू डेझर्टर. दोघेही त्यापुढे काही बोलले नाहीत, बोट पुढच्या बंदराला गेली. मुंबईच्या कचेरीत गुरुदासने विचारलं, तर तिथला कारकून मान वर न करता म्हणाला की दोन्ही एकच, माणूस बोटीवर नाही. गुरुदास बिचारा इंजिनाच्या तेलात हात घालणारा. त्याने ते दोन शब्द जसेच्या तसे, न सांडता, मोंबासाहून देवगडपर्यंत आणले आणि दोघींच्या पुढ्यात ठेवले. अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी गंगू रिकामी पाटी घेऊनच जामसंड्याला गेली. तिथे भाई राहत. जकातखात्यात जन्म काढून घरी बसलेले, रोज तिच्याकडून बांगडे घेणारे आणि रोज भावावरून हुज्जत घालणारे. निवृत्त झाल्यापासून त्यांचं इंग्रजी ट्रंकेतल्या कोटासारखं पडून होतं. कोणी ते मागायला आलं याचा त्यांना आधी आनंदच झाला. मग कशासाठी मागायला आली ते कळलं, तेव्हा त्यांनी तिला ओसरीवर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

भाई म्हणाले, दोन्ही एकच म्हणणारा तो कारकून गाढव आहे. सोपं करून सांगायचं म्हणजे कठीणच काम. "हे बघ गंगू, माझी वहाण भरतीला वाहून गेली, तर ती मिसिंग. त्यात वहाणेच्या मनात काही नव्हतं. आणि माझं मांजर उठून शेजारच्या घरी राहायला गेलं, तर ते डेझर्टर. ते आपल्या पायांनी गेलं."

गंगूने विचारलं, वहाण गेली त्यात वहाणेचा दोष नाही ना? भाई म्हणाले, नाही. वाहून गेलेली वहाण परत येते का? क्वचित. आणि मांजर जिवंत असतं? भाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, हो, ते बहुधा जिवंत असतं.

घाटी उतरेपर्यंत गंगूने निवड केली होती. तिने वहाण निवडली. ही बाई नवऱ्याचं मरण मागत होती असं म्हणणारे म्हणोत बापडे, पण तिच्या जागी उभं राहून पाहावं. मेलेल्या नवऱ्यासाठी ऊर बडवून रडता येतं, गाव येऊन शेजारी बसतं. टाकून गेलेल्यासाठी कुठल्या तोंडाने रडायचं? आणि टाकून गेला म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, का गेला? तिच्यात काय कमी होतं? नाही, लवू तसा नव्हताच. लवू पाण्यात पडला, त्याने शेवटी तिचं नाव घेतलं असेल, आणि तो मिसिंग होता.

घरी येऊन तिने वहाण आणि मांजर कृष्णाबाईला समजावून सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि एका क्षणात निकाल दिला.

"मगे माझो झील डेझर्टर."

हे ती अशा तोंडाने म्हणाली की जणू लवूला बोटीवर बढती मिळाली. मांजर म्हणजे जिवंत, एवढंच तिने धरलं. कुठे का असेना, कुणाच्या घरचं का खाईना, जिवंत आहे ना, मग बस झालं. त्या दिवसापासून ती बाजारात, विहिरीवर, देवळात, कोणी विचारो न विचारो, आपला मुलगा डेझर्टर झाल्याचं सांगत सुटली. शाळामास्तर एकदा ते ऐकून खाली मान घालून निघून गेले. कृष्णाबाईला वाटलं, मास्तरांना हेवा वाटला.

तेव्हापासून त्या घरात दोन बायका आणि दोन शब्द नांदू लागले, आणि चूल एकच. सून म्हणायची मिसिंग, सासू म्हणायची डेझर्टर. गंमत म्हणजे जी नवरा गेला म्हणत होती तिच्याच कपाळावर कुंकू होतं, कारण सासू ते पुसू देत नव्हती. गंगू कधी चिडून बोट कपाळाकडे नेई, की म्हातारी तिचा हात धरी. "जित्या माणसाचा कुकू पुसतंस?" म्हणून विचारी. गंगू पाटी उचलून घराबाहेर पडे.

बाहेर पडून तरी सुटका कुठे होती? घाटी चढताना तिच्या मनात मिसिंग असे, वर पोचेपर्यंत त्याचा डेझर्टर झालेला असे. शेवटच्या सुट्टीत लवू जेवता जेवता उठून गेला होता, तो का? कालवण खारट झालं होतं? मूल नाही म्हणून त्याच्या चुलत्याने काही सुनावलं होतं, ते त्याच्या मनात राहिलं का? जाताना तो वळून बघायचा, त्या वेळी वळला होता की नव्हता? हे आठवायला ती थांबली की तिला धाप लागे, म्हणून ती थांबतच नसे. मासे संपले तरी ती घरी न जाता किल्ल्याच्या बाजूने फेरी मारून येई. लोक म्हणत, गंगूक वारो लागलो. भाईंना ती येता-जाता नवे प्रश्न टाकी. मिसिंग झालेला माणूस मागाहून डेझर्टर होऊ शकतो का? डेझर्टर पश्चात्ताप पावला तर त्याला काय म्हणतात? भाई एकदा वैतागून म्हणाले की बाई गं, माझं इंग्रजी जकातीपुरतं आहे.

शेवटी दोघींनी भांडण ग्रामदेवतेपुढे नेलं. देवाला कौल लावायचा, पाषाणाच्या दोन अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, आणि जी आधी पडेल तो देवाचा होकार. आमच्याकडे चोरीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्याचे निकाल तिथेच लागतात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. बा महाराजा, लवू मिसिंग झालो आसात तर उजवी दी, डेझर्टर झालो आसात तर डावी दी. देवाला इंग्रजी कळेल का यावर मंडपात दबक्या आवाजात चर्चा झाली. एक जण म्हणाला, इतकी वर्षं साहेबाचं राज्य होतं, देवाच्याही कानावर पडलंच असेल. सगळे ताटकळत राहिले. उजवी पडेना, डावी पडेना. दिवेलागण झाली तरी दोन्ही पाकळ्या दगडाला घट्ट धरून होत्या. गुरवाने घाम पुसला आणि देव विचारात आहे असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं.

अशी बरीच वर्षं गेली. या वर्षांत काशीराम नावाचा एक माणूस हळूहळू गंगूच्या वाटेत येऊ लागला. बायको बाळंतपणात गेलेली, स्वतःची होडी, बोलणं कमी. तो चांगले सौंदाळे बाजूला काढून गंगूसाठी ठेवी आणि देताना वर बघत नसे. एके दिवशी त्याने जाळं शिवता शिवता विचारलं, पाट लावूया काय? त्या समाजात विधवेने पाट लावून पुन्हा संसार मांडण्याला कोणाची आडकाठी नव्हती. पण विधवेने. नवरा पळालेला असेल तर आधी काडीमोड हवी, आणि काडीमोड द्यायला नवरा समोर हवा. म्हणजे इथेही पुन्हा तेच दोन शब्द. मिसिंग असेल तर गंगू मोकळी, डेझर्टर असेल तर जन्माची बांधलेली.

गंगू भटजींकडे गेली. ते म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. त्याआधी करायचं तर एक मार्ग आहे. जन्मदात्या आईने आपल्या तोंडाने माझा मुलगा गेला असं म्हटलं पाहिजे. मग मी तयार आहे.

कृष्णाबाईच्या तोंडून हे वदवणं म्हणजे खडकातून पाणी काढणं. गंगूने एकदाच विचारलं. म्हातारी म्हणाली, जित्या झिलाक जाळूक मी कसायीण नाय. गंगू त्या दिवशी एवढी संतापली की भांडी आपटून घराबाहेर पडली आणि काशीरामच्या होडीपर्यंत गेली. म्हातारीला सोडून सरळ निघून जावं, काय करील ती? पण काय करील हे तिला दिसत होतं. म्हातारीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, लाकूड समजून ती चुलीतल्या निखाऱ्यात हात घालायची. गंगू होडीला हात लावून माघारी आली. काशीरामला तिने थांबायला सांगितलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तो थांबला.

पासष्ट सालच्या पावसाळ्यात कृष्णाबाई तापाने अंथरुणाला खिळली. गंगूने तिचं सगळं केलं. अंग पुसणं, पेज भरवणं, आणि मधल्या वेळात खळ्यात येरझाऱ्या. गणपती गेले, ताप उतरला, आणि एका सकाळी म्हातारीने तिला जवळ बोलावलं. तिला दिसत कमी असलं तरी ऐकू चांगलं येत होतं. ती म्हणाली, पडल्या पडल्या सगळे दिवस तुझी पावलं ऐकली. या पायांना बसायला जागा मिळू दे. भटाला बोलाव, मी म्हणेन काय म्हणायचं ते. एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. गंगूला आनंद व्हायला हवा होता. तिला वाटलं आपण म्हातारीच्या हातून चोरी करून घेतोय. तरी ती भटजींकडे गेली आणि येणारा गुरुवार ठरला.

आणि बुधवारी गुरुदास आला.

बंदरावरच त्याने तिला बाजूला बोलावलं. पाटी तिच्या डोक्यावर तशीच होती. तो आता दुसऱ्या बोटीवर होता आणि ती बोट मोंबासाला लागली होती. तिथल्या मासळीबाजारात त्याने लवूला पाहिलं. मागे दुकान, पुढे तराजू, तिथलीच बायको, दोन मुलं. गुरुदासने लव्या म्हणून हाक मारली. तो दचकला. गुरुदासने आईचं सांगितलं, घरचं सांगितलं. लवू तराजूकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुझी चूक झाली. मी तो न्हय." हे तो अस्सल मालवणीत म्हणाला. गुरुदास पुढे म्हणाला की मी हे कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तू सांगशील ते खरं.

गंगू चालू लागली. घाटी चढली, जामसंडं आलं, भाईंनी ओसरीवरून हाक मारली ती तिला ऐकू आली नाही. जामसंडं मागे पडलं तरी ती चालतच होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मासे विकतो! मासेच विकायचे होते तर देवगडचा समुद्र आटला होता काय? आठ वर्षं ती ज्याला पाण्यात बुडालेला समजून मनातल्या मनात रडत होती तो कोरड्या जागी बसून गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होता. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला, मग त्या न पाहिलेल्या बायकोचा आला. उन्हाने पाटीतले बांगडे नरम झाले. ते तिने एका बागेच्या कडेला माडाच्या आळ्यात ओतून दिले आणि परत फिरली.

परतीच्या वाटेवर खरा प्रश्न आला. तोंड बंद ठेवलं की उद्या दुपारपर्यंत ती मोकळी होणार होती. काशीराम होता, घर होतं, कदाचित एखादं मूलही होतं. तोंड उघडलं की डेझर्टर, आणि डेझर्टर म्हणजे सगळं संपलं. आणि गुरुदास तर म्हणालाच होता, तू सांगशील ते खरं. गप्प बसायला फक्त गप्पच बसायचं होतं. पण ज्या म्हातारीने सुनेच्या पायांसाठी मुलगा सोडायची तयारी केली, तिला फसवून तिच्याच तोंडून तिच्या जित्या मुलाला जाळायचं, हे गंगूला जमेना. खूप जमवून पाहिलं, जमलं नाही.

कृष्णाबाई खळ्यात बसून चाचपत दर्भ निवडत होती. गंगूने पाटी खाली ठेवली.

"आये, तुझा खरा. तो डेझर्टर."

म्हातारीचा हात थांबला. मग तिचं सगळं तोंड हसलं. जितो आसा? बरो आसा? जेवता-खाता? गंगू एकेकाला हो म्हणत गेली. अंगाने सुटलाय म्हणाली. दोन मुलं आहेत म्हणाली. नातवंडं म्हटल्यावर म्हातारीने दोन बोटं वर करून ती डोळ्यांजवळ नेली आणि बघत राहिली. मग तिने विचारलं, "माझा इचारल्यान काय?"

उत्तर गंगूने वाटेतच तयार ठेवलं होतं. होय, इचारल्यान. तोंड उघडलं, पण ते बाहेर येईना. म्हातारीला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"गुरुदासान माझा नाव सांगल्यान मां? आवस जिती आसा म्हणान?"

"सांगल्यान."

"मगे?"

"तो म्हणालो, मी तो न्हय."

कृष्णाबाई हातातली दर्भाची काडी सरळ करत राहिली, मोडेपर्यंत. वाडीत कुणाच्या तरी घरी मसाला कुटत होते त्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं की बायकोला टाकून गेलेल्याला इंग्रजीत डेझर्टर म्हणतात, तर आईला टाकून गेलेल्याला वेगळा शब्द असेल ना? भाईंना आजवर एवढं सगळं विचारलं, पण हे विचारायचं गंगूला कधी सुचलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

"नाय गे आये. तोच."

म्हातारीने मान हलवली, समजल्यासारखी. मोडलेली काडी टाकून तिने दुसरी घेतली.

"तो माणूस आपल्या तोंडान सांगता मां, मी तो न्हय म्हणान? मगे तो न्हयच. तो कोण दुसरोच. माझो लवू मिसिंग. भटाक सांग, उद्याचा तसाच रव्हांदे."

गुरुवारी भटजींनी विचारलं तेव्हा कृष्णाबाईने माझो झील गेलो हे शब्द न अडखळता म्हटले. गंगूने आपल्या हाताने कुंकू पुसलं. दर्भाचा लवू बघता बघता जळून गेला. मोंबासाच्या बाजारात त्या वेळी तो कुणाला तरी मासे तोलून देत असेल. इथे त्याची आई आणि बायको एकमेकींना धरून त्याच्यासाठी रडल्या, आणि त्या रडण्यात तिळभरही खोटं नव्हतं.